एकटाच आलोय, काका
भाजलेल्या शेंगांचा वास आला की नाशिकमधली ती मॅटिनी आठवते. पडद्यावर परग्रहवासी शहरं जाळत होते, तरी नायक नायिकेचा हात सोडत नव्हता. ओझरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या त्यानंही अंधारात माझा हात धरला होता. आम्ही बौद्ध, त्याच्या घरी ते चालणार नव्हतं, पण "मी बघतो सगळं" असं तो म्हणायचा. मध्यंतरात दिवे लागले, पुढच्या रांगेत त्याचे काका दिसले आणि तो चटकन चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसला. काकांनी विचारलं, "कोण आहे रे बरोबर?" "एकटाच आलोय, काका." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. शेवटी नायक नायिकेसाठी एकटा त्या यानासमोर उभा राहिला, तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या. ते खोटं मी कधीच माफ केलं. त्या टाळ्या मात्र अजून नाहीत.