पालखीच्या वाटेवरचे पट्टे

हायवे रुंद झाला तेव्हा कडेची पायवाट गेली. घर एका बाजूला राहिलं आणि आई जिथे काम करते तो काजूचा कारखाना दुसऱ्या बाजूला. ती सायकलने जाते. रस्त्यापाशी उतरते आणि सायकल ढकलत पलीकडे जाते.

ग्रामसभेत ठरलं की लोकांना ओलांडायला पांढरे पट्टे मागायचे. अर्ज माझ्याकडे आला. शेजारचे काका देवस्थानच्या कमिटीवर आहेत. ते म्हणाले, "बाय, तू इंग्लिश मीडियमचं. तूच लिही."

पट्टे कुठे मारायचे यावर चर्चाच झाली नाही. शिगम्याला, होळीच्या दिवसांत, देवाची पालखी वडापाशी रस्ता ओलांडते, तेव्हा पट्टेही तिथेच. कुणीतरी जागेबद्दल शंका काढली, तर काका हसले. "देवापेक्षा तुका चड कळता?" सगळेच हसले.

मला बोलायचं होतं. म्हापशाच्या बसची वाट बघत मी रोज त्याच वडाखाली उभी असते. वरच्या वळणावरून ट्रक उतरतो तो आधी नुसता ऐकू येतो. दिसल्यावर मी मनात मोजायला लागते, आणि चार मोजायच्या आत तो वडापाशी असतो. आईला सायकल घेऊन पलीकडे जायला नऊ लागतात. हे सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. पण समोर इतकी माणसं बसलेली होती, आणि मराठी बोलताना मी अडखळते. मी गप्प बसले. घरी येऊन छान इंग्रजीत अर्ज लिहिला आणि जागेच्या ओळीत वडाचं नाव घातलं.

पट्टे आले. लोक खूश झाले. आई तर फार. पूर्वी ती तिथे थांबून दोन्हीकडे बघायची, आता पांढऱ्यावर पाय ठेवला की सरळ चालू लागायची. मी वडाखाली मनात मोजत राहायची.

मग एक दिवस तेच झालं. मी बसची वाट बघत होते आणि ती मध्यावर होती. वरून आवाज आला, मग ट्रक दिसला. ब्रेक किंचाळले. ट्रक थांबला तेव्हा त्याचं तोंड सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर होतं. कॅरियरवरचा डबा रस्त्यावर सांडला होता.

ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "ओ मावशी, दिसना तुका?"

"तुका पट्टे दिसनात?" आई म्हणाली. मग तिने डबा उचलला.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. कागद हातात होता, पण वाचता आला नाही. एवढंच म्हणाले, "पालखी जाते तेव्हा वळणावर आपली माणसं लाल फडकं घेऊन उभी असतात. माझी आई जाते तेव्हा तिथे कुणी नसतं."

कुणी हसलं नाही. काकांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "मगे तेव्हा तोंड शिवून कित्या बसलंलंस गो?"

पट्टे वळणापासून लांब, खाली सरकवायचा नवा अर्ज मीच लिहिला आणि पाठवला. पट्टे अजून आहेत तिथेच आहेत. आई दुसरीकडून जायला तयार नाही. पट्टे नाहीत तिथे ट्रक थांबतील तरी कशाला?

म्हणून सकाळी माझी लाल ओढणी घेऊन मी वळणावर जाते. तिथून वरचा चढही दिसतो आणि खाली सायकल धरून थांबलेली आईही. ती ओरडून विचारते, "येव काय गो?"

वर रस्ता मोकळा दिसतो. तरी मी लगेच हो म्हणत नाही. श्वास धरून आणखी एकदा ऐकते.