पोटातले जंतू आणि कळमन्याची संत्री

माझ्या पोटात असंख्य जंतू राहतात आणि त्यांचं माझ्याशी बिनसलंय, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. वजन ब्याण्णव किलो, साखर चढलेली, पायाची बोटं अधूनमधून बधिर. डॉक्टर म्हणाले, पोटातले बरेच जंतू आपल्या कामाचे असतात. सतत गोड, तेलकट, मैद्याचं खाल्लं, शिंक आली की स्वतःच मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून गिळलं, की त्यांची घडी विस्कटते. लठ्ठपणाशी आणि साखरेशी त्याचा संबंध असावा, पण सगळं अजून उलगडलेलं नाही. गोळ्या चालू ठेवा, ज्वारी, डाळी, भाज्या, ताक वाढवा. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर इन्सुलिन.

इन्सुलिनला मी घाबरतो. माझ्या थोरल्या भावाचं सुईपासून सुरू झालं आणि पायाचा अंगठा कापण्यापर्यंत गेलं. सुईचा त्यात दोष नव्हता हे मला समजतं. भीतीला समजत नाही.

बायकोनं हे जंतूप्रकरण फारच मनावर घेतलं. एरवी महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला होणारी ज्वारीची आंबील आमच्याकडे रोज होऊ लागली. ताकात कालवलेलं पीठ मडक्यात आंबवायचं आणि सकाळी शिजवून माझ्यापुढे ठेवायचं. "तुमच्या पोटातल्याइले जेवू घालून राहिली मी," ती म्हणायची. मी मुकाट्यानं प्यायचो. लग्नानंतर इतकी सरबराई माझीही झाली नव्हती.

तीन महिन्यांनी साखर आधीपेक्षा जास्त निघाली. दिवसभरात काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं. बायकोनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी मान डोलावली, आणि आपण काही लपवतोय असं मला तेव्हा खरंच वाटलं नाही. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस दिले.

मी नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा अडत्या आहे, शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून देणारा. सौद्याआधी प्रत्येक ढिगातलं एक फळ सोलायचं, चाखायचं आणि मग बोली पुकारायची. तीस वर्षं व्यापारी माझ्या जिभेवर विश्वास ठेवून आहेत. आमच्या बाजारात चाखण्याला कुणी खाणं म्हणत नाही. सकाळपासून पोटात काही नाही, असं म्हणणारा अडत्या तोवर वीस ढीग फिरलेला असतो. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी असाच विसाव्या-बाविसाव्या ढिगापाशी उभा होतो. मृग बहाराचं गोड फळ, नुसता पाक. फोड गिळली आणि कधी नव्हे ते आपण काय करतोय ते कळलं. स्वतःचाच राग आला, पण रागवायलाही अंगात जोर लागतो. उरलेले ढीग चाखले आणि घरी गेलो.

बायको मोरीत आंबिलीचं मडकं घासत बसली होती. तिसऱ्यांदा घासत होती म्हणे.

"या मडक्यातच काही खराबी असन," ती म्हणाली. "नाहीतर माह्या हातानंच चुकून राहिलं."

"मडक्यात काही नाही वं," मी म्हणालो, आणि बाजारातलं सगळं सांगून टाकलं.

ती घासायची थांबली नाही. घासता घासताच म्हणाली, "मंग थुंकत काहून नाही जी?"

"शेतकरी समोर उभा राहते. मी थुंकलो तर माल खराब म्हणून त्याचा भाव पडते."

तिनं मडकं पालथं घातलं, हात पुसले.

"अनोळखी माणसाचं वाईट वाटते तुमाले," ती म्हणाली. "मी इथं तीन महिने तुमच्या भाकरी मोजून राहिली, अन् रोज देवाले म्हणून राहिली का माह्याच हाताले यश दे."