हरणाचा नमस्कार

जपानला लेकीकडे गेलो आणि पहिल्याच दिवशी तिच्या वाट्याच्या सगळ्या खारोड्या हरणांना वाटून बसलो.

वाटणारा कोण, तर सोनाळ्याचा शेतकरी, ज्याची अर्धी जिंदगी हरभऱ्यातून हरणं हाकलण्यात गेली! आमची प्रीती तीन वर्षांपासून तिकडे नोकरीला. घरी यायचं नाव नाही. फोनवर एकच, "बाबा, सगळं भेटते इथं, फकत खारोडी भेटत नाही." कधी येतेस हे मला फोनवर विचारता येत नसे, पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवायचो. शेवटी तिच्या आईनं बाजरीच्या खारोड्या घातल्या, लसूण-मिरची टाकून उन्हात वाळवल्या आणि पिशवी माझ्या गळ्यात अडकवली.

"तिनं खारोडी तोंडात टाकली का लगेच इचारा, घरी कधी येतं म्हणून. तोंडात घास असला का पोरगी नाही म्हनत नाही."

प्रीतीनं आम्हा नवरा-बायकोला नारा नावाच्या जुन्या शहरात नेलं. (शेजारच्या गफ्फारभाईनं निघताना विचारलंच होतं, "कोनाचा नारा लावाले चालले, भाऊ?") तिथं मोठमोठी देवळं आणि रस्त्यावर मोकळी हरणं. आम्हाला बाकावर बसवून प्रीती तिकिटांच्या रांगेत गेली.

तेवढ्यात एक हरीण समोर आलं आणि त्यानं चक्क मान वाकवून नमस्कार केला. थांबून पुन्हा केला.

"आवो, पाया पडून राह्यलं ते," बायको म्हणाली.

"मंग मी काय करू?"

"लेकरू पाया पडलं तं हात रिकामा ठेवतेत का? द्या काही."

रीत म्हणजे रीत. खिशात जपानी नाणी होती, पण हरणाला नाणं काय कामाचं? एक खारोडी दिली. त्यानं कुरूमकुरूम खाल्ली आणि पुन्हा वाकलं. मागून दुसरं आलं, तेही वाकलं. मग तिसरं. एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे काही बरं दिसत नाही. बघता बघता दहा-बारा जमली. एकानं शर्ट ओढला, एकानं पिशवीत तोंड घातलं आणि पिशवी फाटली.

मग माझ्या तोंडून वावरातली आरोळी निघाली, "हाऽऽड! हुर्र्योऽऽ!"

देवळाची सगळी रांग माझ्याकडे वळली. गणवेशातला एक माणूस धावत आला आणि माझ्यापुढे वाकला. मी त्याला रिकामी पिशवी दाखवली.

त्याच्या मागोमाग प्रीती. "बाबा, बिस्किटं मांगाले वाकतेत ते! दुसरं काही चाराले मनाई आहे." मग तिनं पिशवी पाहिली. "खारोड्या होत्या?"

"होत्या."

ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. हसता हसताच डोळे पुसायला लागली. "तुमची आरोळी आयकली अन् मले वाटलं, आपल्या वावरातच आहो मी."

तिच्या तोंडात घास नव्हता, तरी मी विचारून टाकलं. "घरी कधी येतं, बाई?"

"उन्हाळ्यात येतो. खारोड्या खाले यावंच लागते आता, इथं तं एक नाही ठेवली तुम्ही."

आता उन्हाळा लागला आहे. तिनं तिकीट काढलं आहे आणि मी दिवसातून चार वेळा कॅलेंडर बघतो. गच्चीवर खारोड्या वाळत घातल्या आहेत. राखणीला बायको स्वतः बसते, मला वर फिरकू देत नाही. म्हणते, "चिमनी दाना टिपाले वाकली तरी तुम्ही आशीर्वाद देऊन मोकळे होसान."