भोयरची गिनती

आमच्या आणि भोयरच्या घरामध्ये एकच भिंत होती, आणि तीही कंत्राटदाराने नाइलाजाने उभी केल्यासारखी. त्यामुळे रोज संध्याकाळी साडेसातला पलीकडची हजेरी आम्हाला फुकट ऐकू येई. "पार्वती." "हाजर." "सुमन." "हाजर." "रमेश." "हाजर." "बेबी." "हाजर." मग भोयरचा खणखणीत आवाज, "गिनती पुरी. जेवा." बायको आणि तीन मुलं, सगळी एका खोलीत त्याच्या नाकासमोर बसलेली, आणि हा माणूस त्यांची गिनती घेणार. एक जण जरी बाहेर असला तरी कोणाच्या ताटात काही पडत नसे. बायकोला नावाने हाक मारणारा पुरुष सक्करदऱ्याच्या आमच्या ओळीत तेव्हा दुसरा नव्हता. 'हाजर' म्हणताना पार्वतीबाई लाजत, आणि नळावरच्या बाया त्यावर आठवडाभर हसत.

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि भोयर त्याच शाळेत शिपाई होता. त्याआधी तो फौजेत होता. बासष्टच्या चीनच्या लढाईतून डाव्या पायाची दोन बोटं बर्फात सोडून परत आलेला. फौजी म्हटल्यावर आम्हा मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. मधल्या सुट्टीत त्याला उभं करून आम्ही विचारलं, किती चिनी मारले? तो म्हणाला, "एकबी नाही जी. मी लंगरी होतो, सैपाकी. डाळ मातर दोनदा करपवली." आमचा भूगोलाचा मास्तर इतका हिरमुसला की त्याने भोयरला चहाचे कप विसळायला पाठवलं. त्या दिवसापासून शाळेत त्याची किंमत ठरली ती ठरली.

घरीही संध्याकाळच्या पोळ्या तोच करी. कणीक मळलेले हात घेऊन दारात यायचा, तेव्हा ओट्यांवर बसलेले पुरुष एकमेकांना डोळा मारत. या पुरुषांच्या बायका त्याच वेळी नळावरून दोन दोन बादल्या वाहून आणत असत, आणि हे वर्तमानपत्रातून देशाचं संरक्षण करत असत. मीही त्यांच्यातच होतो. फक्त माझ्या हातात इंग्रजी वर्तमानपत्र असे.

भोयरला याची फिकीर नव्हती. तोही आम्हाला फारसं मोजत नसे. "गुरुजी, तुमी बोलता लय, म्हणून तुमचा चहा थंडा होते," असं तो मला सगळ्यांसमोर म्हणे. शाळेत एखाद्या पोराला डबा आणला नाही म्हणून कोणी उपदेश करू लागलं की मध्येच पडे, "भुकेल्या मानसाशी बात काहून करता जी? आधी वाढा त्याले." शिपायाने मास्तरांना शिकवावं, याचा आम्हाला राग येई. हेडमास्तरांकडे आम्ही दोनदा तक्रारही केली.

एकाहत्तरची लढाई जिंकल्यावर आमच्या गणेश मंडळाला देशभक्तीचा झटका आला. प्रत्येक मोहल्ला आपापला फौजी शोधून त्याचा सत्कार करत होता. आमच्या वाट्याला भोयर आला, त्याला इलाज नव्हता. मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी. लकडगंजात त्यांची लाकूड कापायची आरामशीन होती आणि भाषणंही ते त्याच आवाजात करत. मानपत्र लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. निवृत्त हेडमास्तर असो की नवा नगरसेवक, मी सगळ्यांना एकाच साच्यात थोर करत असे. नाव तेवढं बदलायचं.

या वेळी मात्र अण्णाजींचा वेगळा हेतू होता. त्यांच्या पुतण्यासाठी भोयरच्या सुमनचं बोलणं चाललं होतं. पत्रिका जुळली होती, मुलाला मुलगी पसंत होती, आणि सुमन तर भिंतीपलीकडे काम करता करता गुणगुणायला लागली होती. अण्णाजी मला म्हणाले, "सैपाक्याची पोरगी म्हटली तं आमचे सोयरे नाक मुरडतीन. तुमी त्याले वीर करा, गुरुजी. मंग मी पाहून घेतो."

मी त्याला वीर केलं. शत्रूच्या छातीत संगीन खुपसली, बर्फावर रक्ताचे पाट वाहवले, आणि तो कागद घेऊन भोयरकडे गेलो. तो कणीक मळत होता. सगळं ऐकून म्हणाला, "हा कोन आहे जी?" मी म्हणालो, तुम्ही. "मोठा खतरनाक मानूस दिसते." मग मी त्याला सुमनच्या सोयरिकीचं सांगितलं. फक्त गप्प बसायचं, शाल घ्यायची आणि घरी यायचं. तो परातीतल्या गोळ्यावर पुन्हा पुन्हा मुठी दाबत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरीचं भलं होत असन तं होऊ द्या. मारू द्या मले चिनी."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मानपत्र रंगाऱ्याकडे देताना मला शेवटचा परिच्छेद जरा तोकडा वाटला. भाषेचा कैफ चढलेल्या मास्तराइतका धोकादायक प्राणी दुसरा नाही. तिथल्या तिथे मी एक ओळ वाढवली. 'आपल्या एकाही साथीदाराच्या केसाला धक्का लागू न देता सर्वांना सुखरूप परत आणणारे आपण.' वाचताना ती फार गोड वाटत होती.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. अण्णाजींचे सोयरे पहिल्या रांगेत, त्यांच्या मागे पार्वतीबाई, नव्या साडीतली सुमन आणि धाकटी दोघं. मी मानपत्र वाचलं. संगिनी, रक्ताचे पाट, सगळं भोयरने खाली मान घालून सोसलं. ती ओळ आली तेव्हा त्याने मान वर केली. उठला, लंगडत माइकपाशी आला आणि मला म्हणाला, "थांबा जी. एवढं नाही चालत." लोकांना हा विनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मले काहीबी म्हना," भोयर म्हणाला, "पन सगळे नाही आले. मी लंगरी होतो. परतताना बंदूक टाकली अन् कढई उचलली. रोज सांजच्याले ताटं लावत होतो अन् रोज ताटं उरत होते. सुभेदार साहेब विचारत होते, कितने? मी सांगत होतो, दोन कमी. तीन कमी. मंग ते म्हनत होते, खाना खाओ. गेल्या पोराइची भाकर मी बाकीच्याइले वाढली. अन् हे गुरुजी म्हनून राहिले, सगळे आले."

मग त्याने नावं घ्यायला सुरुवात केली. कागद नाही, काही नाही. एक नाव घ्यायचं आणि थांबायचं. घरी थांबायचा तेवढंच. पाचव्या-सहाव्या नावाला खुर्च्या सरकू लागल्या. बंदूक टाकली, हे एवढंच लोकांनी ऐकलं होतं. माझ्यामागे कोणीतरी 'पळपुटा' म्हणालं. अण्णाजींनी बोट हलवलं आणि लाउडस्पीकर बंद झाला. भोयर तसाच नावं घेत राहिला, संपेपर्यंत. मी हातात मानपत्र धरून बाजूला उभा होतो. इतका निरुपयोगी कागद मी आयुष्यात पुन्हा धरला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाजींचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. दोन महिन्यांपूर्वी जुळलेले ग्रह सत्काराच्या दिवशी फिरले असावेत.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे गिनती झाली. "पार्वती." "हाजर." "सुमन." उत्तर आलं नाही. "सुमन." नाहीच. मग भोयर म्हणाला, "तुमी जेवा. मी थांबतो." त्याच्या ताटाचा आवाज आला नाही. असे आठ दिवस गेले. आठही दिवस तो संध्याकाळी उपाशी राहिला आणि सकाळी शाळेत येऊन घंटा वाजवत राहिला. आमच्यातल्या एकानेही त्याला एक शब्द विचारला नाही.

नवव्या दिवशी त्याने पार्वतीबाईंचं नाव घेतलं आणि थेट रमेशचं घेतलं. सुमनचं घेतलंच नाही. "बेबी" म्हणून तो थांबला, आणि कोणी न बोलावता सुमनचा आवाज आला, "मी हाजर आहो, बाबा." मग त्याच्याही ताटाचा आवाज आला. नंतर तिने माझ्या बायकोला सांगितलं, "काकू, मले लय भेव वाटलं. आता मले त्या मेलेल्या पोराइत धरते का काय बाबा."

अण्णाजींच्या पुतण्याचं लग्न वैशाखात झालं. मंगलाष्टकं मी लिहिली. लाज नावाची वस्तू मला तेव्हा परवडत नव्हती. सुमन नर्सिंग शिकली. दवाखान्यातल्याच एका कंपाउंडरशी तिने लग्न केलं, आणि त्या लग्नाचा सगळा स्वयंपाक भोयरने स्वतः केला. पंगतीत वाढताना मला म्हणाला, "खा जी गुरुजी. आज लिहाले काई नाही तुमाले."

पंधरा वर्षांनी भोयर गेला, झोपेतच. घाटावर शोकसभा झाली. थकलेल्या अण्णाजींनी माझं जुनं मानपत्र पाठ असल्यासारखं म्हटलं, संगिनीसकट. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, भोयर लंगरी होता आणि सगळे परत आले नव्हते. एवढंच बोलून मी मागे सरलो. लोकांनी मास्तर म्हातारा झाला असं ठरवलं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून संध्याकाळी शेजाऱ्यांनी न्यायच्या कडू घासासाठी आम्ही पिठलं-भाकर घेऊन पलीकडे गेलो. ताटं मांडली, पण कोणी हात लावेना. पार्वतीबाई भिंतीकडे पाहत बसल्या होत्या. साडेसात झाले होते. सुमन ताठ बसली आणि म्हणाली, "माय."

पार्वतीबाईंनी भिंतीवरची नजर तिच्याकडे वळवून म्हटलं, "हाजर."

"रमेश." "हाजर." "बेबी." "हाजर."

भोयर गिनतीत स्वतःचं नाव कधी घेत नसे. सुमनने घेतलं, पूर्ण, "शामराव भोयर," आणि ती थांबली. तो थांबायचा तेवढंच. मग तिने आईचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"एक कमी," ती म्हणाली. "जेवा."