विनी गार्बटनं घातलेली बंदी

इंग्लंडातल्या हल बंदरात, गोदीमागं आमच्या गल्लीत ‘लँटर्न’ नावाचा पब होता. तीन-तीन आठवडे समुद्रावर काढून आलेले खलाशी तिथं आधी प्यायचे, मग एकमेकांना बडवायचे आणि शेवटी गळ्यात गळे घालून रडायचे. अकरा वर्षं मी तिथं बारमागं उभी राहिले. पब क्लिफ आणि विनी गार्बट या नवराबायकोचा. क्लिफ ताडमाड, पण त्याचा आवाज कधी चढला नाही. विनी जेमतेम त्याच्या छातीला लागायची. अख्खी गोदी टरकायची ती तिला.

एकदा टॉश बीडल नावाच्या आडदांड गिऱ्हाइकानं भांडणात स्टूल भिरकावलं आणि रस्त्याकडची रंगीत काच खळकन फुटली. विनीनं त्या रेड्याला कान धरून बाहेर काढलं. “मुडद्या, या जन्मात इथला थेंब मिळायचा नाही तुला!”

चार वर्षं टॉश पबसमोरून खाली मान घालून जायचा.

मग क्लिफला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पबच्या वरच्या खोलीत तो खिडकीशी बसून असायचा. खालचा गलका ऐकला की त्याचे डोळे भरून यायचे. जिना इतका अरुंद, की खुर्ची उतरायचीच नाही.

एका दुपारी टॉश दारात आला. उंबऱ्याबाहेरच थांबला, टोपी हातात.

“विनी, मी त्याला पाठीवर घेऊन खाली आणतो.”

“तुला बंदी आहे.”

“प्यायला कोण मागतंय? आणतो, बसवतो, जातो.”

विनीनं त्याच्या बुटांकडं पाहिलं. मग म्हणाली, “पाय पूस आधी.”

टॉश तेव्हा पहाटे गोदीत मासे उतरवायचा. दुपारी तसाच, माशांचा वास मारत यायचा. “क्लिफ, नाक धर, हॅडॉक मासा आला!” म्हणत जिना चढायचा. क्लिफ अर्ध्या तोंडानं हसायचा. त्याला शेकोटीजवळ बसवून, परत वर नेईपर्यंत टॉश बाहेर फुटपाथवर उभा राहायचा. विनी खिडकीतून त्याला चहा द्यायची. दोन वर्षं हे असंच चाललं.

क्लिफला पुरून आलो, त्या दिवशी विनीनं टॉशला हाताला धरून आत आणलं आणि बिअर पुढ्यात ठेवली.

“बंदी उठली?” त्यानं विचारलं.

“नाही. आज तू मला दिसत नाहीयेस.”

टॉश ढसाढसा रडला. कुणी हसलं नाही.

पुढं मासेमारीची ट्रॉलर-जहाजं बंद झाली, गल्ली पाडली, पबही गेला. विनी समुद्रकाठी बहिणीकडं राहायला गेली. मी भेटायला गेले तर मला घट्ट धरून म्हणाली, “इथं किती शांत आहे गं. कुणी भांडतसुद्धा नाही.” खिडकीबाहेर नुसतं पाणी होतं. आम्ही दोघी खूप वेळ लँटर्नमधल्या माणसांची नावं घेत बसलो.