बूच बुडेपर्यंत

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा सकाळभर बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं मी. आईने बोलावलं म्हणून मुंबईहून एकटीच आले. पण बाबांनी मला माफ केलंय की नाही, काही कळेना. दुपारी ते गळ घेऊन निघाले आणि दारातून म्हणाले, "येतेस?" मला की मांजरीला, तेही कळलं नाही. तरी चपला घातल्या.

रेवसच्या धक्क्याजवळ खडकांवर बसलो. दोरीला लाल बूच, त्याच्या खाली गळ, गळाला जिवंत कोळंबी. बूच बुडलं की मासा, एवढंच काय ते शास्त्र. पण समुद्र कुठे ऐकतो? लाटेने बूच हललं, की मी दोरी खेचायची. कोळंबी जशीच्या तशी. बाबा समोर बघत म्हणाले, "लाट हाय ती. बुडू दे."

मग बूच पाण्यावर आडवंच पडलं. आता हे काय नवीन? मासा झोपला की काय! बाबांनी दोरी ओढून घेतली आणि बूच गळाकडे खाली सरकवलं. ओहोटी लागली होती. पाणी उतरलं होतं, कोळंबी चिखलात टेकली होती, म्हणून बूच आडवं. मिठागरवाल्याची मुलगी मी, पाण्याच्या वेळा बघत वाढलेली, आणि हे डोक्यात येऊ नये? माझीच मला चीड आली. बाबांना चीड आली की हसू, कोण जाणे. त्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला काही कळलंय?

सरळ विचारूनच टाकावं, राग गेला का, म्हणून तोंड उघडलं, तर बूच दिसेनासं झालं. या वेळी थांबले, मग खेचलं. जिताडा! हातभर लांब, चंदेरी.

"आईला देऊ, कालवण करेल," मी ओरडले.

"न्हाय." बाबांनी गळ सोडवला. "पहिला जिताडा जावयाचे घरी जातो."

जावई. हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिला. "संध्याकाळची मुंबईची लाँच पकड, न्हायतर नासेल."

मला घालवताहेत की जवळ घेताहेत, तेही समजेना, आणि मी भर धक्क्यावर रडायला लागले. बाबा दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "याच्या कल्ल्याला धार असते. साफ करताना हात सांभाळ म्हणावं त्याला."