मुश्ताकसरांचं सुवर्ण गुणोत्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? कुणाला मारलं नाही, लुटलं नाही. फक्त "बरोबर आहे" म्हणालो.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. कल्याणच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो, मुश्ताकसर चित्रकला. दूधनाक्याच्या मोहल्ल्यात राहायचे, मराठी माझ्यापेक्षा गोड. सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे ते १.६१८ चं प्रमाण, ते मुलांना शंख, पानं, चेहरे काढून समजावायचे. एकदा माझ्याच तासाला एक मुलगी म्हणाली, "सर, हे मुश्ताकसरांनी किती सोपं करून सांगितलंय!" वर्ग हसला. मीही हसलो — पण ते लागलं. किती लागलं, ते पुढे कळलं.

मग एक दिवस ते नकाशांचं पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आले. चेहरा नुसता उजळलेला. दक्षिण ध्रुव ते मक्का आणि मक्का ते उत्तर ध्रुव, या दोन अंतरांचा भागाकार केला की तेच सुवर्ण गुणोत्तर येतं म्हणे. विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमात मांडायचं होतं. "लेलेसर, तपासून द्या. चूक असेल तर मी तोंड उघडणार नाही."

डोंबिवलीला घरी बसून तपासलं. आकडा जवळपास येत होता. पण त्यात मक्केचं खास असं काय? हे गुणोत्तर नेमकं जुळतं अशा जागांचं पृथ्वीभोवती अख्खं वर्तुळ निघतं — आणि त्या वर्तुळाला मक्केपेक्षा आपलं नागपूर जवळ.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना काय सांगितलं? "एकदम बरोबर. बिनधास्त मांडा. वडिलांनाही आणा ना ऐकायला."

हो. वडिलांना आणा — हेही माझंच.

म्हातारबाबा आले. कडक इस्त्रीची टोपी, पहिली रांग. सर जीव ओतून बोलले. शेवटी मी उठलो, नागपूरचं गणित फळ्यावर मांडलं आणि म्हणालो, "मग सर, पुढची हज संत्रा मार्केटला का?"

हशा-टाळ्यांनी सभागृह दणाणलं. दंगलींनंतरच्या त्या वर्षांत असल्या वाक्याला टाळ्या पडणारच, हे मला ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. बाबांना ऐकू कमी यायचं. सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून त्यांनीही वाजवल्या — माझ्याकडे बघून, हसत. मुश्ताकसर त्यांच्याकडे बघत राहिले.

नंतर जिन्यात त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं?"

"छे हो, तिथेच सुचलं."

आणि त्यांनी — विश्वास ठेवला.

त्यानंतर त्यांच्या फळ्यावर शंख कधी दिसला नाही. मी मात्र माझ्या तासाला सुवर्ण गुणोत्तर आवर्जून शिकवायचो.

काही वर्षांनी त्यांनी शाळा सोडली. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "लेलेसरांचे उपकार आहेत माझ्यावर. त्यांनी टोकलं नसतं, तर मी मुलांना खोटंच सांगत राहिलो असतो."

मी उभा राहिलो. हात जोडले. जरा लाजल्यासारखं हसलोसुद्धा.